व्यक्तिचित्रणातील सादृश्य आणि भाव : महाराष्ट्रातील व्यक्तिचित्रकलेतील मनोदर्शनाचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

प्रस्तावना :

विशिष्ट व्यक्तीचे रूप रंग, रेषा किंवा शिल्प यांच्या माध्यमातून साकार करणारी कला म्हणजे व्यक्तिचित्रकला होय. देवदेवतांच्या मूर्तीत व पौराणिक चित्रात कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. व्यक्तिचित्रात मात्र समोरच्या माणसाची ओळख पटविण्याचे बंधन असते. तथापि केवळ ओळख पटली म्हणजे व्यक्तिचित्र पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. चेहरा ओळखू येतो परंतु माणूस भेटत नाही, असा अनुभव अनेक तसबिरींसमोर येतो. याउलट काही चित्रांतील व्यक्तीचे नावही ठाऊक नसताना तिचे दुःख, तिचा ताठा किंवा तिचा एकाकीपणा पाहणाऱ्याला जाणवतो. या दुसऱ्या गुणाला प्रस्तुत निबंधात 'मनोदर्शन' असे म्हटले आहे.

भारतीय कलाविचाराला हा भेद नवा नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रावरील यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत चित्रकलेची रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग अशी सहा अंगे सांगितली आहेत. यांत भाव आणि सादृश्य ही दोन स्वतंत्र अंगे आहेत, ही बाब महत्त्वाची आहे. सादृश्य साधले की भाव आपोआप येतो, असे प्राचीन टीकाकारानेही मानलेले नाही. महाराष्ट्रातील गेल्या दीडशे वर्षांच्या व्यक्तिचित्रकलेचा इतिहास हा या दोन अंगांमधील ओढाताणीचा इतिहास आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ही ओढाताण वेगळ्या परिस्थितीत घडली. तिचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील व्यक्तिचित्रकलेत मनोदर्शनाचा विकास कसा झाला याचा आढावा घेणे.
२) मनोदर्शनास पोषक व मारक ठरणाऱ्या परिस्थितीचे विश्लेषण करणे.
३) नांदेड व लातूर परिसरातील व्यक्तिप्रतिमांच्या परंपरेचे वेगळेपण स्पष्ट करणे.

गृहीतक :

कलावंत व प्रतिरूप यांच्यातील प्रत्यक्ष सहवास जितका दीर्घ आणि आश्रयदात्याच्या अपेक्षांचे दडपण जितके कमी, तितके व्यक्तिचित्रातील मनोदर्शन सखोल होते.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. मनोदर्शन म्हणजे काय ?

मानवी चेहऱ्याच्या डाव्या व उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. दोन्ही डोळ्यांची उघडझाप, ओठांच्या कडा, भुवयांमधील ताण यांत सूक्ष्म फरक असतो. माणूस बोलताना, थांबताना, आठवताना हा फरक सतत बदलतो. कुशल व्यक्तिचित्रकार यांपैकी एकच क्षण टिपत नाही. अनेक तासांच्या बैठकीत पाहिलेले अनेक क्षण तो एका चेहऱ्यात साठवितो. म्हणून उत्तम व्यक्तिचित्रातील नजर एकाच वेळी सावध व थकलेली, प्रेमळ व दुरावलेली दिसू शकते. हातांची ठेवण, खांद्यांचा उतार आणि चेहऱ्याची कोणती बाजू अंधारात ठेवली आहे, या गोष्टीही मनाची साक्ष देतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी हा विचार टोकाला नेला. ऑस्कर कोकोश्का या चित्रकाराने १९१० मध्ये स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑग्यूस्त फोरेल यांचे व्यक्तिचित्र रंगविले. वाकलेली बोटे आणि ताणलेली नजर असलेले हे चित्र फोरेल कुटुंबाने स्वीकारले नाही. पुढे फोरेल यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्याची चाहूल चित्रात आधीच लागली होती अशी चर्चा झाली. या चर्चेतील चमत्काराचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. मनाचा अभ्यास करणाऱ्या माणसालाच स्वतःचे असे चित्र परके वाटले. मनोदर्शन प्रतिरूपाला नेहमीच सुखावह नसते, हे यावरून स्पष्ट होते.

२. अजिंठा आणि मुंबईची कलाशाळा

महाराष्ट्रातील आधुनिक व्यक्तिचित्रकलेचे मूळ मुंबईत शोधले जाते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. येथे पाश्चात्त्य अकादमिक पद्धतीचे शिक्षण दिले जाई. परंतु या शाळेच्या घडणीत मराठवाड्याचाही वाटा आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. शाळेतील प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. लेणी क्रमांक १६ मधील 'मरणासन्न राजकन्या' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्राने ग्रिफिथ्स विशेष प्रभावित झाले होते. झुकलेली मान, मिटत आलेले डोळे व भोवतालच्या दासींची चिंता यांतून तेथे शोक व्यक्त झाला आहे. हे व्यक्तिचित्र नव्हे. तथापि चेहऱ्यातून मन कसे प्रकट करावे, याचा धडा मुंबईच्या विद्यार्थ्यांनी युरोपीय नमुन्यांबरोबरच येथेही गिरविला.

या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८) प्रमुख होते. दिल्ली दरबाराच्या चित्रासाठी भारतात आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडून त्यांनी तैलरंगाचे तंत्र आत्मसात केले. पारशी घरांतील वृद्ध, स्त्रिया व मुले हा त्यांच्या चित्रांचा आवडता विषय होता. दरबारी किंवा शासकीय व्यक्तिचित्रात पोशाख, पदके व पद यांना प्राधान्य असे. पेस्तनजींच्या घरगुती चित्रांत मात्र मंद प्रकाशात बसलेला माणूस स्वतःच्या विचारात गढलेला दिसतो. विषय मोठ्या पदावरून घरात आला आणि त्याबरोबर चित्रात मनाला जागा मिळाली.

३. सहवासातून साधलेला भाव

आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) हे गोव्यातील सांगे येथे जन्मलेले चित्रकार मुंबईच्या कलाशाळेत शिकले व तेथेच शिक्षक झाले. रेम्ब्रांटप्रमाणे छायाप्रकाशावर त्यांचे प्रभुत्व असल्याने त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हटले जाई. 'दोल्चे फार निएन्ते' या चित्रासाठी त्यांना १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. या चित्रासाठी त्यांची पत्नी फ्लोरेंटिना प्रतिरूप होती. पत्नी व मुली यांची त्यांनी अनेक चित्रे रंगविली. त्यांच्या व्यावसायिक कामांत सफाई आहे, परंतु घरच्या माणसांच्या चित्रांत विसावा, कंटाळा व जिव्हाळा यांच्या छटा एकत्र नांदतात. ज्या चेहऱ्याकडे चित्रकार वर्षानुवर्षे पाहत आला, त्याच चेहऱ्याने त्याला सर्वांत जास्त दिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजी येथील फुंदासांव ओरिएंत या संस्थेत पाहावयास मिळतो.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था स्थापन केली. 'मोहमेडन पिलग्रिम' या त्यांच्या चित्रास १९२५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातील चित्र सर्वश्रुत आहे. हातातील दिव्याची ज्योत तळहाताने झाकून उभी असलेली तरुणी त्यात दिसते. प्रतिरूप चित्रकाराची कन्या होती. हे चित्र अनेक वर्षे लोकांच्या समजुतीत राजा रविवर्मा यांच्या नावावर होते. प्रेक्षक सहसा बोटांतून झिरपणाऱ्या प्रकाशाचे कौतुक करतात. परंतु चित्राचे खरे बळ ज्योत जपताना आलेल्या एकाग्रतेत आहे. येथेही तंत्र आणि सहवास यांची जोड दिसून येते.

गोपाळ देऊस्कर (१९११-१९९४) यांचा संबंध थेट हैदराबादशी पोहोचतो. कलेचे पहिले संस्कार त्यांना हैदराबादेत काका रामकृष्ण देऊस्कर यांच्याकडे मिळाले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी (उद्घाटन १९६८) त्यांनी बालगंधर्वांना स्त्रीभूमिकेत आणि पुरुषवेषात रंगविले. एकाच माणसाची दोन रूपे शेजारी पाहताना कोणते रूप खरे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो. नटाच्या मनाचे दर्शन एका चित्रात पूर्ण होत नाही, ही जाणीव या जोडचित्रांच्या मुळाशी असावी.

४. सादृश्याचा त्याग आणि पुनर्शोध

स्वातंत्र्यानंतर काही चित्रकारांनी सादृश्याचे बंधन झुगारून दिले. गोव्यातील साळगाव येथे जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४-२००२) हे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य होते. कपाळावर सरकलेले डोळे, काटेरी रेषा, दातांच्या रांगा अशा त्यांच्या मुखाकृतींत विशिष्ट माणूस ओळखू येत नाही, पण भय, दंभ व हिंसा ओळखू येते. म्हणजेच येथे भाव राहिला आणि सादृश्य गेले.

सुधीर पटवर्धन (जन्म १९४९) यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करणाऱ्या या चित्रकाराने 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) सारख्या चित्रांतून शहरातील कष्टकऱ्यांना केंद्रस्थानी आणले. ज्यांचे व्यक्तिचित्र कोणी पैसे देऊन करवून घेणार नाही, अशा माणसांना त्यांनी व्यक्तिचित्राची प्रतिष्ठा दिली. वास्तववादी परंपराही खंडित झाली नाही. वासुदेव कामत यांना 'माय वाइफ' या पत्नीच्या चित्रासाठी २००६ मध्ये अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचे ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाले. त्रिंदाद यांच्यानंतर ८६ वर्षांनी पुन्हा पत्नीच्याच चित्राला मोठा सन्मान मिळावा, ही बाब गृहीतकाला पुष्टी देणारी आहे.

५. नांदेड व लातूर : वेगळी वाट

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे मुंबईची कलाशाळा, तिची प्रदर्शने आणि तिचा आश्रयदाता मध्यमवर्ग यांच्याशी या भागाचा संबंध उशिरा आला. संस्थानातील व्यक्तिप्रतिमेवर कॅमेऱ्याचा ठसा होता. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. परंतु दरबारी छायाचित्रणाचा झोत सामान्य रयतेच्या घरापर्यंत क्वचितच पोहोचला. येथे बैठक देऊन काढलेले तैलचित्र ही दुर्मीळ गोष्ट होती. व्यक्तीची प्रतिमा मुख्यतः तीन मार्गांनी समाजात रुजली.

पहिला मार्ग म्हणजे ज्यांचे अस्सल चित्र उपलब्ध नाही अशा महापुरुषांच्या कल्पित प्रतिमांचा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेड येथे ज्योतिज्योत समावले. त्याच वेळी देहधारी गुरूंची परंपरा थांबून गुरुग्रंथसाहिबाला गुरुपद प्राप्त झाले. शीख परंपरेत प्रतिमापूजन नाही. तरीही कलगी व बाज यांसह दाखविलेली गुरूंची लोकप्रिय चित्रे घरोघरी व दुकानांत दिसतात. शोभासिंग (१९०१-१९८६) यांच्यासारख्या चित्रकारांनी ही रूपे लोकमानसात रुजविली. लातूर परिसरात महात्मा बसवेश्वरांच्या प्रतिमा अशाच परंपरेतून आल्या. छत्रपती शिवाजी महाराजांच्या बाबतीत इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच साधनांतील चित्र प्रकाशात आणले. तरी शासनमान्य ठरले ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगविलेले चित्र. या सर्व उदाहरणांत चित्रकारासमोर चेहरा नव्हता, चरित्र होते. येथे भावावरून सादृश्य निर्माण झाले. मात्र समाजाने एकदा स्वीकारलेला चेहरा पुढे बदलता येत नाही. त्यामुळे या प्रतिमांत धैर्य, करुणा, तेज असे ठरलेले भाव आढळतात, मनातील द्वंद्व आढळत नाही.

दुसरा मार्ग सार्वजनिक पुतळ्यांचा आहे. संसद भवनाच्या आवारात १९६७ मध्ये अनावरण झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यात शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी उंचावलेल्या हाताला महत्त्व दिले. हाच हावभाव पुढे गावोगावच्या पुतळ्यांत आला. मराठवाड्यात या प्रतिमेला विशेष अर्थ आहे. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नावर नांदेडसह अनेक जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. अशा संघर्षातून गेलेल्या समाजाला पुतळ्यात विचारमग्न, साशंक माणूस नको असतो. त्याला दिशा दाखविणारा माणूस हवा असतो. म्हणून अशा शिल्पात मनोदर्शनाचा अभाव आहे अशी टीका करणे अपुरे ठरते. तेथे भाव शिल्पाच्या चेहऱ्यावरून पाहणाऱ्याच्या मनात स्थलांतरित झालेला असतो.

तिसरा मार्ग छायाचित्रावरून केलेल्या तसबिरीचा असून तो सर्वांत व्यापक व सर्वांत दुर्लक्षित आहे. ओळखपत्रासाठी काढलेल्या छोट्या छायाचित्रावरून मृत व्यक्तीची मोठी तसबीर करून घेणे, ही सर्वत्र रूढ असलेली प्रथा आहे. अशा छायाचित्रात प्रकाश समोरून पडतो, त्यामुळे गालाची व डोळ्यांखालची छाया नाहीशी होते. रिटचिंग करताना सुरकुत्या पुसल्या जातात. मनाचा मागोवा घेण्यासाठी ज्या खुणा लागतात, त्याच अशा रीतीने आधी काढून टाकल्या जातात. अलीकडे संगणकावर पार्श्वभूमी व पोशाखही बदलले जातात आणि चौकातील फ्लेक्सवर प्रत्येक चेहरा एकाच वयाचा व एकाच रंगाचा दिसू लागतो.

तथापि छायाचित्र म्हणजे मनोदर्शनाचा शेवट, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शिल्पकार बा. व. तालीम (१८८८-१९७०) यांनी शिर्डी येथील साईबाबांची संगमरवरी मूर्ती छायाचित्राच्या आधारे घडविली. साईबाबांच्या निर्वाणानंतर ३६ वर्षांनी, १९५४ मध्ये, तिची प्रतिष्ठापना झाली. देशभरातील असंख्य घरांत पोहोचलेले हे रूप मुळात एक व्यक्तिशिल्प आहे. बसण्यातील सैलपणा आणि चेहऱ्यावरील ओळखीचा भाव यांमुळे ते दरबारी वाटत नाही. छायाचित्र हे साधन म्हणून वापरले आणि त्यावर अभ्यासाचे कष्ट घेतले, तर त्यातूनही माणूस साकार होतो.

६. स्मृती आणि चेहरा

लातूर जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. दगडमातीच्या भिंतींबरोबर त्यांवरील तसबिरीही ढिगाऱ्याखाली जाणे स्वाभाविक होते. आपत्तीनंतर ज्या घरात मृत माणसाचे एकही चित्र उरत नाही, तेथे त्याचा चेहरा केवळ जिवंत नातलगांच्या आठवणीत राहतो आणि एका पिढीत पुसला जातो. ज्या घरात एखादे धूसर छायाचित्र उरते, तेथे त्यावरून केलेली तसबीरच पुढील पिढीसाठी ती व्यक्ती ठरते. आजोबांच्या चेहऱ्यावरील सुरकुती पुसली गेली असेल, तर नातवाच्या दृष्टीने ती कधी नव्हतीच. म्हणून तसबिरीतील भाव ही चैनीची गोष्ट नसून स्मृतीच्या सत्यतेची बाब आहे.

हेच महाविद्यालयांनाही लागू पडते. संस्थापक, देणगीदार, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सेनानी यांच्या तसबिरी प्राचार्य कक्षात, सभागृहात व ग्रंथालयात असतात. जयंती-पुण्यतिथीस त्यांना पुष्पहार घातला जातो. परंतु चित्रकार कोण, चित्र कोणत्या वर्षी व कोणत्या छायाचित्रावरून झाले, याची नोंद नसेल तर ती तसबीर इतिहासाचे साधन म्हणून मुकी ठरते. काच फुटली, वाळवी लागली किंवा रंगरंगोटीसाठी भिंत मोकळी केली की जुनी तसबीर अडगळीत जाऊन तिच्या जागी संगणकीय छपाई येण्याचा धोका असतो. असे घडले तर केवळ एक वस्तू हरवत नाही, तर एका स्थानिक चित्रकाराने एका स्थानिक माणसाकडे कसे पाहिले याचा एकमेव पुरावा नष्ट होतो.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील व्यक्तिचित्रकलेत मनोदर्शनाचा विकास दरबारी व शासकीय चित्रांपेक्षा घरगुती व स्वयंप्रेरित चित्रांत अधिक झाला. पेस्तनजी, त्रिंदाद, हळदणकर व कामत यांची उदाहरणे गृहीतकास पुष्टी देतात.
२) तालीम यांच्या शिल्पावरून असे दिसते की, प्रत्यक्ष सहवास नसतानाही अभ्यासाच्या बळावर भाव साधता येतो. म्हणून गृहीतकास ही मर्यादा घालणे आवश्यक आहे.
३) सूझा यांच्या मुखाकृतींत सादृश्याविना भाव आहे, तर रिटच केलेल्या तसबिरींत भावाविना सादृश्य आहे. षडंगांतील या दोन अंगांचे स्वतंत्र स्थान त्यामुळे आजही ग्राह्य ठरते.
४) नांदेड व लातूर परिसरात राजकीय इतिहासामुळे बैठकीवर आधारित व्यक्तिचित्रणाची परंपरा रुजली नाही. कल्पित प्रतिमा, पुतळे व छायाचित्रावरील तसबिरी यांनी तिची जागा घेतली. या प्रतिमांचे मूल्यमापन मुंबईच्या निकषांवर न करता त्यांच्या सामाजिक कार्याच्या आधारे करणे योग्य ठरते.
५) महाविद्यालयांनी आपल्या संग्रहातील तसबिरींची नोंदवही तयार करून चित्रकार, वर्ष, माध्यम व मूळ छायाचित्र यांची माहिती जतन करणे आवश्यक आहे. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. त्याचबरोबर निवृत्त शिक्षक, सेवक, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणारे वृद्ध यांची प्रत्यक्ष बैठकीतून चित्रे करवून घेतली, तर या भागात न रुजलेल्या परंपरेची सुरुवात होऊ शकेल. मुक्तिसंग्राम प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत, त्यामुळे या कामाला विलंब परवडणारा नाही.